मागच्या भिंतीला लावलेला ब्लोअर

"उंच मागं, बुटकं पुढं," मी सुदामला म्हणालो. "शाळेच्या फोटोत उभं करतात तसं. ब्लोअर एकदम मागच्या भिंतीला जाऊ दे."

सुदाम माझा धाकटा भाऊ. बनियन भिजून पाठीला चिकटलेला आणि हातात पाण्याची नळी, अशा अवतारात तो अंगणात उभा होता. सकाळपासून आम्ही दोघं शेडमधलं एकेक अवजार बाहेर काढून धूत होतो, कारण त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या निफाडकडच्या द्राक्षपट्ट्यात त्या दिवशी सगळी हत्यारं-अवजारं घासूनपुसून मांडतात, हळदीकुंकू वाहतात, झेंडूच्या माळा घालतात आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांनाही सुट्टी, असं आमचे वडील म्हणायचे.

"ब्लोअर पुढंच राहू द्या ना दादा," सुदाम म्हणाला. "छाटणीला अठरा दिवस झाले. घड दिसायला लागलेत. आता तो कधीही लागेल."

"उद्या सकाळी काढायचाच आहे. एका दिवसानं काय होतं?"

त्याने नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून, बागेवर औषध फवारायच्या त्या ब्लोअरच्या चाकावरचा चिखल उडवला. पंख्याच्या जाळीत अडकलेली दोन-चार पानं बोटानं काढली.

"काल संध्याकाळी तुम्ही फवारलंत ना? आवाज येत होता."

"हो. हात मोकळे होते, उरकून टाकलं."

सुदामने आभाळाकडं बघितलं. डोंगराच्या बाजूला थोडं पांढरं काही होतं, बाकी ऊन स्वच्छ होतं. मग त्याने माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ. मी रोटाव्हेटरच्या पात्यांवर तेलाचा बोळा फिरवत राहिलो.

"बरं," तो म्हणाला. "तुम्ही म्हणता तर लावू मागं."

आम्ही दोघांनी मिळून ब्लोअर ढकलत आत नेला. सहाशे लिटरची पिवळी टाकी, मागं पिंपाएवढा पंखा, खाली दोन चाकं. टाकी रिकामी असली तरी दोघांना घाम फुटला. तो भिंतीला टेकला तसा मी चाकांना विटा लावल्या आणि हात झटकले.

आता त्या शेडबद्दल सांगायला हवं. तीस फूट लांब, अठरा फूट रुंद, वर पत्रे आणि पुढं एकच दार. वडिलांनी ती एका ट्रॅक्टरसाठी बांधली होती. पुढं त्याच्या जागी छोटा ट्रॅक्टर आला आणि त्याच्या मागं लेकुरवाळं घर व्हावं तशी अवजारं आली. रोटाव्हेटर, नांगर, फण, शेणखत पसरायचं यंत्र, ट्रॉली, ब्लोअर. त्यात तारांची भेंडोळी, बांबू, क्रेट आणि वडिलांचं जुनं डिझेल इंजिन. तीन वर्षांपूर्वी आमची जमिनीची वाटणी झाली, पण ट्रॅक्टर आणि अवजारं सामाईक राहिली. शेड माझ्या घराला लागून होती, म्हणून किल्ली माझ्याकडं. आणि ती लावायची कला फक्त मलाच साधलेली होती. कुठलं अवजार कुठं, त्याच्या चौकोनी खुणा मी फरशीवर ऑइलपेंटनं काढल्या होत्या. जे आधी लागणार ते शेवटी आत घ्यायचं, हा माझा नियम. हंगाम बदलला की मी अख्खी शेड उपसून पुन्हा लावायचो. गावात माझी चेष्टा व्हायची. भास्करची शेड बघायला तिकीट लावा, असं म्हणायचे. मला ते आवडायचं, कबूल करतो.

त्या नियमानं बघितलं तर ऑक्टोबरात ब्लोअरची जागा दारात होती. ती मी आखून ठेवलेली होती. त्या खुणेवरून आम्ही ब्लोअर आत ढकलत नेला, आणि सुदाम ती खूण ओलांडताना खाली बघत होता.

ब्लोअरच्या पुढं रोटाव्हेटर आला, त्याच्या पुढं नांगर आणि फण, मग ट्रॉली आडवी, आणि दारात ट्रॅक्टर. कात्र्या, पहारी, पाठीवरचे दोन पंप पाटावर मांडले. सुदामची बायको अलका माळा घेऊन आली. आईनं काठी टेकत येऊन सगळ्यांवर हळदीकुंकू वाहिलं. ब्लोअरपर्यंत तिला जाता येईना, तेव्हा तिनं लांबूनच अक्षता टाकल्या.

"यंदा याला एवढं आत का कोंबलंय?" तिनं विचारलं.

"फोटोसाठी," सुदाम म्हणाला, आणि हसला. "दादांनी सगळ्यांना उंचीप्रमाणं उभं केलंय."

त्याच्या त्या हसण्यानं माझं डोकं पुन्हा तापलं. त्यामागं दोन दिवसांपूर्वीची गोष्ट होती. द्राक्षं परदेशी पाठवणारे एक साहेब सुदामची बाग बघायला आले होते. माझीही बाग लागूनच आहे, ती त्यांनी बांधावरून बघितली आणि काही बोलले नाहीत. चहाला सगळे माझ्या अंगणात बसले. साहेब शेडमध्ये डोकावले आणि म्हणाले, वा, किती सामान आहे. तर सुदाम पटकन बोलून गेला, "अर्धी अडगळ आहे साहेब. दादांना बागेपेक्षा शेड लावायची हौस जास्त." सगळे हसले. मीही हसलो.

तो वाईट मनानं बोलला नव्हता. ते तेव्हाही मला कळत होतं. पण त्याच्या वेलीला माझ्यापेक्षा दहा-दहा घड जास्त होते, साहेबांनी त्याच्याच पाठीवर हात ठेवला होता, आणि ज्या एका गोष्टीत मी त्याच्याहून सरस होतो तिला त्याने चारचौघांत अडगळ म्हटलं. मी जळलो. दुसरा शब्द नाही.

आई माझ्याकडंच असायची, म्हणून नवमीला दुपारी माझ्या घरी सगळ्यांचं एकत्र जेवण असायचं. पुरणपोळी झाली.  हात धुऊन सुदाम अंगणात माझ्याजवळ येऊन बसला. सुपारी कातरली, मला दिली. काहीतरी विचारायचं असल्यासारखा बसून होता. मी पेपर उघडला. थोड्या वेळाने तो उठला.

"येतो दादा. काही असलं तर हाक मारा."

"काय असणार?" मी म्हणालो.

तीनच्या सुमाराला आभाळ भरून आलं आणि अर्धा तास पाऊस कोसळला. बाहेरच्या माणसाला अर्ध्या तासाचा पाऊस म्हणजे काहीच वाटणार नाही. पण घड नुकते बाहेर पडलेले असताना पानावर पाणी थांबलं, की डाऊनी नावाची बुरशी काही तासांत कोवळ्या घडात शिरते. एकदा शिरली की औषधाचा उपयोग नाही, घड कुजून गळतो आणि वर्ष हातचं जातं. म्हणून पाऊस थांबला की जो तो पळतच ब्लोअर जोडतो. आदल्या दिवशीचं औषध अंगावर असलं तर बाग त्यातून निभावते. माझ्या बागेवर ते होतं, सुदामच्या बागेवर नव्हतं.

पाऊस उघडला न उघडला तोच सुदाम आला. पायांत चप्पल नव्हती.

"दादा, किल्ली द्या."

मी ओसरीवर बसलो होतो. "कशाला?"

"ब्लोअर काढायचाय. दोघं लागलो तर तासाभरात निघेल. ट्रॉली ओढू, रोटाव्हेटर ट्रॅक्टरनं उचलू..."

"आज नवमी आहे. पूजा मांडलीय."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. तो थांबला. मग त्याच्या लक्षात आलं.

"दादा, घड आहेत बाहेर."

"मला दिसतंय. पण मांडलेली पूजा मोडायची नाही. आपल्या घरात कधी मोडली नाही. उद्या पहाटे काढू."

"पहाटेपर्यंत काय राहील?"

"देवी बघेल."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. देवाचं नाव मी सणावारी घेणारा माणूस. सुदामला ते माहीत होतं आणि मलाही.

तेवढ्यात खालच्या वस्तीवरून ब्लोअर सुरू झाल्याचा आवाज आला. पाठोपाठ नाल्यापलीकडून दुसरा. मग तिसरा. सगळ्या गावानं नवमीची पूजा मांडली होती आणि सगळ्या गावानं ती बाजूला सारून ट्रॅक्टर बाहेर काढले होते. सुदाम ते ऐकत माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं आता हा भांडेल. भांडला असता तर मी किल्ली फेकली असती त्याच्या अंगावर, आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. मी त्याचीच वाट बघत होतो.

तो भांडला नाही. "पाठीवरचे पंप तरी नेऊ का?" असं त्याने विचारलं.

"तेही पूजेतच आहेत."

"ठीक आहे," तो म्हणाला आणि गेला.

त्याने आणि अलकानं कुठून तरी दोन पंप मागून आणले. तीन एकर बाग, पाठीवर सोळा-सोळा लिटरचं ओझं, आणि प्रत्येक वेलीजवळ थांबून घडाघडाला औषध पोचवायचं. ब्लोअरला दोन तासांचं काम. मी ओसरीवरून बघत होतो. ओळींच्या मधून दोन डोकी पुढं सरकायची, टोकाला जाऊन परत यायची, हौदावर वाकायची. आजूबाजूचे ब्लोअर एकेक करत थांबले. दिवस बुडायला आला तरी त्या दोघांचा पहिला एकरसुद्धा संपला नव्हता, हे मी मोजत होतो.

आई दारात येऊन बसली. तिला कमी दिसायचं, ऐकू मात्र चांगलं यायचं.

"सुदामाचा ब्लोअर वाजला नाही," ती म्हणाली.

"पूजेत आहे."

तिनं काठी मांडीवर आडवी घेतली. "तू पाळण्यात होतास तेव्हा नवमीलाच धोंडू पाटलाची गाय विहिरीत पडली. तुझ्या बापानं पाटावरची पहार आणि दोर उचलला, माळेसकट. गाय वर आली. नंतर पहार धुऊन परत पाटावर ठेवली."

मी बागेकडं बघत राहिलो.

"देवीनं काही विचारलं नाही," आई म्हणाली, आणि काठी टेकत आत गेली.

मी तेव्हाही उठू शकलो असतो. किल्ली कंबरेला होती. तेव्हासुद्धा अर्धी बाग वाचली असती. पण एकदा नाही म्हटलेल्या माणसाला उठायला फार जड जातं. मी बसून राहिलो.

दसऱ्याला सकाळी सुदाम आपट्याची पानं घेऊन आला. आमच्याकडं धाकट्यानं थोरल्याला सोनं द्यायचं असतं. त्याच्या हातांना औषधाचा पांढरट हिरवा थर होता, धुऊनही न गेलेला. पंपाचे पट्टे घासून दोन्ही खांदे सोलले होते, सदऱ्यावर ओलसर डाग दिसत होते. त्याने पानं माझ्या हातात ठेवली, वाकून नमस्कार केला.

"सोन्यासारखं राहा दादा," तो म्हणाला.

हे सगळेच सगळ्यांना म्हणतात. मी त्या दिवशी ते ऐकून आत गेलो आणि पानं देवापुढं न ठेवता कपाटावर टाकली.

आठव्या दिवशी त्याच्या घडांवर पांढरी बुरशी दिसली. पंधराव्या दिवशी वेलींखाली काळ्या कुजक्या घडांचा सडा पडला. अलका सुपात भरभरून ते बांधावर टाकायची. ते साहेब पुन्हा आले नाहीत. माझी बाग त्या वर्षी बरी आली. पेटीत माल भरताना मला कोणाशी बोलावंसं वाटायचं नाही.

सुदामने एका शब्दानं विचारलं नाही. उन्हाळ्यात त्याने आपल्या रानात चार खांब आणि पत्र्यांची उघडी शेड उभी केली, जुना ट्रॅक्टर आणि जुना ब्लोअर आणला. सामाईक अवजारांतलं त्याने काहीच मागितलं नाही. मी म्हटलं, रोटाव्हेटर घेऊन जा. तो म्हणाला, "तुमच्याकडंच शोभतो दादा, तुमची जागा आखलेली आहे." यात टोमणा आहे का ते मला कळलं नाही. येणंजाणं राहिलं, सणाला जेवणं राहिली. पण जेवणानंतर सुपारी कातरून तो माझ्याजवळ बसायचा, ते थांबलं.

दोन वर्षं गेली. पुन्हा नवमी आली, आणि या वेळी मी छाटणी लवकर घेतली होती. ब्लोअर मी दारातच ठेवला होता. दुपारी पाऊस आला. उघडल्याबरोबर मी ट्रॅक्टर चालू केला, आणि ब्लोअरला फिरवणारा दांडा सांध्यातून तुटून ठणकन जमिनीवर पडला. सणाचा दिवस, गॅरेज बंद. घड बाहेर होते. मी त्या तुटक्या दांड्याकडं बघत उभा राहिलो.

आई खाटेवरून म्हणाली, "सुदामाकडं जा."

"कसा जाऊ?"

"चालत जा. जवळ आहे."

मी गेलो. त्याच्या शेडला दार नव्हतंच. ट्रॅक्टर रस्त्याकडं तोंड करून उभा होता, ब्लोअर त्याला जोडलेला, दोघांना मिळून एकच माळ. अलका अंगणात भांडी घासत होती. मला बघून तिनं पदर सारखा केला.

"सुदाम?"

"गावात गेलेत. चावी ट्रॅक्टरलाच आहे. न्या तुम्ही."

मी काय मागायला आलो ते मी सांगितलंही नव्हतं. मी ट्रॅक्टरवर चढलो, आणि चढताना ब्लोअरच्या टाकीला हात लागला. ती गार लागली, झाकण उघडून बघितलं तर भरलेली होती. काठोकाठ, स्वच्छ पाण्यानं. औषध टाकायचं तेवढं बाकी.

"तुम्हाला फवारायचं असेल ना?" मी म्हणालो.

"आमची छाटणी अजून व्हायचीय. दसऱ्यानंतर."

मी त्यांच्या बागेकडं बघितलं. जुनी पानं तशीच होती, वेली दाट. फवारण्यासारखं तिथं काहीच नव्हतं.

"मग ही टाकी?"

अलका भांड्यांकडं वाकली. "नवमीला भरून ठेवतात. गेल्या वर्षीही ठेवली होती. म्हणतात, दादांचं काही अडलं तर."

मी माझी बाग फवारली. दोन तासांत झाली. नंतर ब्लोअर धुतला, जाळीतली पानं काढली, आणि उजेड आहे तोवर परत न्यायला निघालो. सुदाम आलेला होता. शेडजवळ उभा राहून तो ट्रॅक्टर मागं घ्यायला हातानं खुणा करत होता, अजून थोडा, अजून थोडा, बस. मी उतरलो. निघून जावं असं वाटत होतं, पण गेलो नाही.

"सुदाम, त्या वर्षी मला मेसेज आला होता."

तो चाकाला वीट लावत होता.

"आपल्या द्राक्षवाल्यांच्या गटाचा. नवमीला पाऊस आहे म्हणून. अष्टमीला सकाळीच आला होता. म्हणून तर मी आदल्या दिवशी फवारलं." माझी नजर त्या विटेवर होती. "तुझा नंबर त्यात नव्हता. एरवी प्रत्येक मेसेज मी तुला सांगायचो. तो नाही सांगितला. आणि ब्लोअर मागच्या भिंतीला लावला, तो फोटोसाठी नव्हे."

सुदामने वीट पायानं नीट दाबली आणि सरळ उभा राहिला.

"फवारणीचा आवाज ऐकून मला शंका आली होती," तो म्हणाला. "सकाळी आभाळही बघितलं."

"मग मागं का लावू दिलास? तिथंच अडून बसायचं. मला विचारायचं."

"विचारणारच होतो." त्याने हातावरची माती झटकली. "मग म्हटलं, पाऊस असता तर दादांनी सांगितलं असतं. सांगितलं नाही म्हणजे नसणार. म्हणून तर हात लावला ढकलायला."

त्याने हे तक्रार केल्यासारखं म्हटलं नाही. जे झालं ते सांगितल्यासारखं म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. त्याने ते बघितलं आणि दुसरीकडं वळला. मग त्याने खांबावरची नळी काढली, तिचं टोक टाकीच्या तोंडात सोडलं आणि अलकाला मोटर चालू करायला सांगितली.